इंग्रजांचीं मनोदुःखें व त्यांचीं नांवें

मनुष्याचें मन ठिकाणावर नाहीं, एवढें म्हटलें म्हणजे मराठींत पुष्कळसें काम भागतें. मग तो पुत्रशोकानें वेडापिसा झाला आहे, कीं कर्जाच्या काळजीनें त्याची झोंप उडाली आहे, कीं कारण कांहींच नसतां त्याच्या जिवाला हुरहुर लागली आहे, हें पुढच्या दोन वाक्यांवरून कळून येतें. इंग्रजींत हें इतकें सोपें नाहीं. त्या भाषेंत गेल्या पांचशें-सहाशें वर्षांत मनाच्या अस्वास्थ्याला इतकीं नांवें पडलीं, आणि त्यांतलीं कांहीं इतक्या लौकर जुनीं झालीं, कीं एका शतकांतील पत्रव्यवहार संपवून दुसऱ्या शतकांतला हातीं घ्यावा, तों मागचें दुःख जगांतून नाहींसें होऊन त्याच्या जागीं निराळेंच दुःख आलें आहे कीं काय, असा भास व्हावा. विद्यार्थिदशेंत आम्हीं मेलँकली, स्प्लीन, हिस्टीरिया, अँग्झायटी, डिप्रेशन हे शब्द खेद, उदासी, चिंता या शब्दांसमोर मांडून घोकले, व परीक्षेपुरतें तें पुरेसेंही झालें. पुढें इंग्रजांचा सामाजिक इतिहास थोडाफार वाचनांत आल्यावर ध्यानांत आलें, कीं या शब्दांतील छटा दुःखाच्या कमीअधिक प्रमाणाच्या नव्हेत. दुःख कोणाचें आहे, स्त्रीचें कीं पुरुषाचें, सरदाराचें कीं शिपायाचें, आणि तें नांव लागल्यावर त्या मनुष्याचें पुढें काय व्हावयाचें, यांवर त्या छटा ठरल्या आहेत.

आरंभीं व्युत्पत्तीकडे थोडें पाहूं. कारण ती मनोरंजक आहे, जरी तिच्यावर फार भार घालणें बरें नव्हे. अँग्झायटी, अँग्विश व अँगर या तिन्ही शब्दांच्या मुळाशीं आवळणें, चेंपणें, जागा अरुंद होणें हाच अर्थ आहे, व आपल्या वैदिक भाषेंतील ‘अंहस्’ हा त्यांचा भाऊबंद आहे. वरी या साध्या शब्दाचा जुना अर्थ गळा दाबणें असा. मेंढरांच्या नरड्याला कुत्रें धरतें त्याला तो लावीत, आणि मनाच्या काळजीला तो एकोणिसाव्या शतकांत रूढ झाला. फ्रेट म्हणजे खाऊन टाकणें, रिमोर्स म्हणजे पुन्हां चावणें. ज्याला ‘मन खातें’ त्या मराठी मनुष्यास हें शिकवावयास नको. डिस्ट्रेस हा शब्द तर थेट कचेरींतला आहे. भाडें थकलें असतां घरमालकानें भांडींकुंडीं अडकवून ठेवावयाचीं, त्याचें तें नांव. म्हणजे आपल्याकडची जप्ती. स्ट्रेस हा शब्द बहुतांशीं त्याच डिस्ट्रेसचें डोकें उडून राहिलेला अवशेष आहे. इमोशन या शब्दाची गोष्ट सर्वांत चमत्कारिक. सोळाव्या-सतराव्या शतकांत त्याचा अर्थ लोकांतील दंगा, गडबड असाही होत असे. जॉन फ्लोरिओनें १६०३ साली माँतेन्याच्या निबंधांचें भाषांतर छापलें, तेव्हां आपण वापरलेल्या कांहीं ओबडधोबड शब्दांबद्दल त्यानें प्रस्तावनेंत वाचकांची जवळजवळ क्षमा मागितली आहे, आणि त्या यादींत इमोशन व रिग्रेट हे दोन्ही शब्द आहेत! आमच्या भाषेनें मनाची अवस्था बहुधा पाण्यावरून पाहिली: खळबळ, क्षोभ, कल्लोळ, उचंबळणें, मन गढूळ होणें. इंग्रजांनीं ती गळ्यावरून, दातांवरून आणि रस्त्यावरच्या गर्दीवरून पाहिली.

परंतु ज्या शब्दांवर कोणाचें बरेंवाईट अवलंबून होतें, त्यांचा इतिहास व्युत्पत्तींत सांपडत नाहीं. त्यासाठीं मठ, न्यायसभा व लष्करी छावणी या ठिकाणीं गेलें पाहिजे.

मठापासून आरंभ करूं. चौथ्या शतकांत इजिप्तच्या वाळवंटांत एकांतवास करणाऱ्या ख्रिस्ती तपस्व्यांना भर दुपारीं एक विलक्षण अवस्था येई. सूर्य हलेनासा होई, झोपडी नकोशी वाटे, प्रार्थनेंत जीव लागत नसे, आणि आपण येथें आलों हेंच चुकलें असें वाटूं लागे. इव्हाग्रिअस नामक तपस्व्यानें तिचें सूक्ष्म वर्णन करून ठेवलें आहे. तिला अॅसिडिआ असें नांव होतें, व तिची गणना रोगांत नसून पापांकडे नेणाऱ्या दुष्ट विचारांत होती. मध्ययुगीन इंग्रजींत हा शब्द आला तो पाप म्हणूनच आला. चॉसरच्या ग्रंथांतील धर्मोपदेशक सात महापातकांत तिचा समाचार घेतो. पुढें या पातकाचें नांव आळस असें रूढ झालें. ज्यास अॅसिडिआ झाली त्यानें औषध घ्यावयाचें नसे, कबुलीजबाब द्यावयाचा असे. दुःखी मनुष्य अपराधी ठरे. मात्र आपल्या अवस्थेवर आपला कांहीं अधिकार आहे, एवढें तरी त्याला मानावयास मिळे. रोग्याला तेंही मिळत नाहीं.

मेलँकली हा शब्द वैद्यांचा. त्याचा अर्थ काळें पित्त. ग्रीक वैद्यकांत रक्त, कफ, पिवळें पित्त व काळें पित्त असे चार धातु मानले असून त्यांतला चौथा प्रमाणाबाहेर वाढला, कीं मनुष्य खिन्न, भित्रा व एकलकोंडा होतो, असा सिद्धांत होता. चरकानें उन्मादाचे वात, पित्त, कफ, सन्निपात व आगंतुक असे पांच प्रकार सांगितले आहेत; तेव्हां वैद्याच्या घरांत वाढलेल्या मराठी वाचकास ही विचारसरणी परकी वाटणार नाहीं. टिमथी ब्राइट या वैद्यानें १५८६ साली मेलँकलीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि त्यांत एक मार्मिक भेद केला: शरीरांतील पित्तामुळें आलेली खिन्नता निराळी, आणि आपल्या पापाच्या जाणिवेनें होरपळलेलें अंतःकरण निराळें. पहिलीवर वैद्याचा अधिकार, दुसऱ्यावर धर्मगुरूचा. कागदावर हा भेद फार सुंदर दिसतो. अंथरुणांत पडलेल्या माणसाला आपण कोणत्या बाजूचे, हें कसें कळावें, हा प्रश्न मात्र उरतोच.

त्या सुमारास मेलँकलीला एक प्रकारची प्रतिष्ठाही आली होती. विद्वान्, कवि, तत्त्वचिंतक यांना ती होते, या जुन्या समजुतीमुळें काळे कपडे घालून, हात बांधून, वृक्षाच्या छायेंत उभें राहून आपलें चित्र काढवून घेण्याची तरुण उमरावांस हौस वाटे. हॅम्लेट त्याच काळाचें अपत्य. आगरकरांनीं या नाटकाचें भाषांतर १८८३ साली प्रसिद्ध केलें त्याला ‘विकारविलसित’ असें नांव दिलें. त्या नांवाकडे आम्ही शेवटीं पुन्हां वळणार आहों. रॉबर्ट बर्टन या ऑक्सफर्डच्या धर्मोपदेशकानें १६२१ साली ‘अॅनॅटमी ऑफ मेलँकली’ हा प्रचंड ग्रंथ काढला व मरेपर्यंत, म्हणजे १६४० पर्यंत, तो वाढवीतच नेला. मेलँकली टळावी म्हणून आपण मेलँकलीवर लिहीत बसतों, असें तो मोकळेपणानें सांगतो. एवढा मोठा ग्रंथ वाचूनही मेलँकली म्हणजे नक्की काय, हें हातीं लागत नाहीं. पण एकटें बसूं नये आणि रिकामें बसूं नये, हा त्याचा अखेरचा उपदेश कोणत्याही वैद्यकाच्या काळांत खोटा ठरलेला आम्हांस ठाऊक नाहीं.

परंतु नांवावर काय काय अवलंबून असे, हें पाहावयाचें असेल तर बर्टनच्या अगोदर वीस वर्षें मागें, १६०२ च्या लंडनांत, गेलें पाहिजे. मेरी ग्लोव्हर नांवाची चौदा वर्षांची एका दुकानदाराची मुलगी. तिला झटके येत, घसा बंद होई, अंग ताठे. शेजारच्या एलिझाबेथ जॅक्सन या म्हाताऱ्या बाईनें तिला शिव्याशाप दिले होते. तेव्हां ही करणीच, असें ठरून म्हातारी न्यायसभेपुढें उभी राहिली. एडवर्ड जॉर्डन या वैद्यानें साक्ष दिली, कीं हा भुताखेतांचा प्रकार नव्हे, हा गर्भाशयापासून उद्भवणारा स्वाभाविक रोग आहे. त्यानें त्याचें लॅटिन नांवही सांगितलें, व त्या नांवांत हिस्टीरियाच होता. न्यायाधीश अँडरसन यानें विचारलें, तुम्ही हा बरा कराल काय? जॉर्डनला हमी देववेना. न्यायाधीशाच्या दृष्टीनें प्रकरण तेथेंच मिटलें: ज्याचा उपाय वैद्याला ठाऊक नाहीं तो स्वाभाविक रोग नव्हे. म्हातारीला तुरुंग व खोड्यांत उभें राहण्याची शिक्षा झाली. जॉर्डननें पुढल्याच वर्षीं आपली बाजू मांडणारें छोटें पुस्तक इंग्रजींत छापलें. हिस्टीरिया या शब्दानें पुढें तीनशें वर्षें स्त्रियांची पुष्कळ विटंबना केली. ती केली नाहीं असें कोणीही म्हणणार नाहीं. तरी न्यायसभेंत तो पहिल्यानें उच्चारला गेला तो एका निराधार स्त्रीला वांचविण्यासाठीं, हेंही त्या शब्दाच्या खात्यावर जमा धरलें पाहिजे.

पुढच्या शतकांत काळें पित्त मागें पडलें आणि तें जेथें सांठतें असें मानीत त्या अवयवाचें नांव, म्हणजे स्प्लीन अथवा प्लीहा, पुढें आलें. त्याच्या जोडीला व्हेपर्स, म्हणजे पोटांतून मस्तकांत चढणाऱ्या वाफा. बरगड्यांच्या खालच्या जागेस ग्रीकांत जें नांव होतें त्यावरून हायपोकाँड्रिया. टॉमस सिडनहॅम या थोर वैद्यानें १६८२ साली स्पष्ट म्हटलें, कीं बायकांस हिस्टीरिया होतो तोच रोग बैठें काम करणाऱ्या व ग्रंथांत डोकें खुपसून बसणाऱ्या पुरुषांस होतो. फक्त पुरुषाला झाला कीं आपण त्याला हायपोकाँड्रिया म्हणतों. रोग एक आणि नांवें दोन, हें वैद्यानें सांगितलें. पण समाजानें दोन नांवें टाकलीं नाहींत, कारण त्याला त्यांची गरज होती. स्प्लीन व व्हेपर्स यांची तर फॅशनच झाली. अॅन फिंच या कवयित्रीनें स्वतःच्या अनुभवावरून स्प्लीनवर गंभीर कविता लिहिली, ती १७०१ मध्यें छापली गेली. तेराच वर्षांनीं पोपनें त्याच स्प्लीनची गुहा रचून तींत नटव्या स्त्रियांची चेष्टा केली. पोटतिडिकेचें विनोदांत रूपांतर व्हावयास एवढाच वेळ लागला.

या फॅशनीचा शास्त्रकार जॉर्ज चेनी. हा स्कॉटलंडचा डॉक्टर बाथ येथें श्रीमंतांची चिकित्सा करी. स्वतः इतका स्थूल, कीं एके काळीं त्याचें वजन ३२ स्टोन, म्हणजे आजच्या हिशेबानें दोनशें किलोंच्या वर, गेलें होतें. परदेशी लोक या दुखण्याला हिणवून ‘इंग्रजांचा रोग’ म्हणत. त्यानें तेंच नांव अभिमानानें उचलून १७३३ साली आपल्या ग्रंथाला दिलें. इंग्लंडांतील प्रतिष्ठितांच्या दुखण्यांपैकीं जवळजवळ एकतृतीयांश दुखणीं या जातीचीं, असा त्याचा अंदाज होता. दमट हवा, मसालेदार अन्न, व्यापारानें आलेली संपत्ति, बैठें जीवन व लंडनसारखें गजबजलेलें शहर हीं त्याचीं कारणें; आणि मंदबुद्धि, जड माणसांस हा रोग सहसा होत नाहीं, हा त्याचा सिद्धांत. असें निदान ऐकून कोणत्या श्रीमंत रोग्याला आनंद होणार नाहीं! मजुराच्या बायकोनें अंथरूण धरलें तर ती कामचुकार, आणि सरदाराच्या बायकोनें धरलें तर तिच्या मज्जातंतूंची रचना नाजूक.

सॅम्युअल जॉन्सनला मात्र हें सुख मिळालें नाहीं. वयाच्या विसाव्या वर्षीं, १७२९ मध्यें, त्याला अशी खिन्नता आली कीं त्यानें स्वतःच्या अवस्थेचें लॅटिनमध्यें सविस्तर टिपण लिहून आपल्या धर्मपित्यास, डॉक्टर स्विनफेन यास, दिलें. डॉक्टरास त्यांतली बुद्धिमत्ता व भाषा इतकी आवडली, कीं त्यानें तें चारचौघांस दाखविलें! जॉन्सन त्याला पुढें कधीं मनापासून क्षमा करूं शकला नाहीं. याच जॉन्सननें १७५५ च्या आपल्या कोशांत मेलँकलीचे अर्थ देतांना पित्ताचा विकार व चिंतनशील उदासपणा यांबरोबरच, मन एकाच विषयावर खिळून राहण्याचा वेडाचा प्रकार, असाही अर्थ नोंदविला. कोशकाराच्या हातून हें सहज लिहिलें गेलें असेल काय? आपण वेडे होऊं, ही भीति त्याला जन्मभर होती. त्याचा चरित्रकार बॉस्वेल स्वतः या दुखण्याचा मोठा अनुभवी. १७७७ पासून १७८३ पर्यंत ‘लंडन मॅगझिन’मध्यें त्यानें ‘हायपोकाँड्रिअॅक’ या नांवानें सत्तर निबंध लिहिले. बॉस्वेल चरित्रांत आग्रहानें सांगतो, कीं कल्पना व उत्साह यांना ग्रासणारा विकार निराळा आणि विवेकच नष्ट करणारें वेड निराळें. जॉन्सननें या दोहोंची गल्लत केली व उगाच स्वतःचा छळ करून घेतला. बॉस्वेलचे जे इतर गुण-दोष असतील ते असोत. हा परिच्छेद आम्हांस त्याच्या सबंध ग्रंथांतील सर्वांत दयार्द्र वाटतो. येथें शब्दाची छटा मित्राच्या समाधानासाठीं जपलेली आहे.

आतां जेथें छटेची किंमत पैशांत होई त्या जागीं येऊं. इंग्लंडच्या जुन्या कायद्याप्रमाणें आत्महत्या हा खुनासारखाच गुन्हा. कॉरोनरपुढील पंचांनीं मृतास शुद्धीवर असतां स्वतःचा खून करणारा ठरविलें, कीं त्याची जंगम मालमत्ता राजाकडे जाई, आणि प्रेत रात्रीं चव्हाट्यावर पुरून त्याच्या छातींतून खुंटा ठोकीत. उलट, त्याचें चित्त ठिकाणावर नव्हतें असा निकाल मिळाला, तर विधवेचें घर राही व देह चर्चच्या आवारांत जाई. सोळाव्या शतकांत पंच पहिला निकाल सर्रास देत. अठराव्या शतकांत तेच पंच जवळजवळ नेहमीं दुसरा देऊं लागले. ते सर्व वैद्यकशास्त्र शिकले होते असें नव्हे. शेजाऱ्याच्या मुलांच्या तोंडांतला घांस काढून राजाला द्यावयाचा कीं नाहीं, एवढेंच त्यांच्यापुढें होतें, आणि मेलँकली, लुनसी या शब्दांनीं त्यांना वाट करून दिली. कायदेपंडित ब्लॅकस्टन यानें १७६९ साली तक्रार केली, कीं आत्महत्या केली हाच वेडाचा पुरावा, इथपर्यंत हे पंच ताणीत नेतात. तर्काच्या दृष्टीनें ब्लॅकस्टनचें खरें होतें. १८२२ साली परराष्ट्रमंत्री कॅसलरे यानें गळ्यावर सुरी चालवून घेतली. निकाल वेडाचा लागला व त्याला वेस्टमिन्स्टर अॅबींत पुरलें. एखाद्या बेवारशी भिकाऱ्यास मात्र चव्हाटाच होता. पुढल्याच वर्षीं, १८२३ मध्यें, चव्हाट्यावर पुरण्याची चाल कायद्यानें बंद झाली. मालजप्ती १८७० साली गेली, आणि गुन्हा हा शब्द १९६१ साली.

नर्व्हस या शब्दानें मध्यंतरीं जो कोलांटा घेतला तो सांगण्यासारखा आहे. जुन्या इंग्रजींत नर्व्हस लेखनशैली म्हणजे पिळदार, जोमदार शैली. जॉन्सनच्या कोशांतही बलवान् हाच पहिला अर्थ आहे. दुर्बळ मज्जातंतूंचा, हा अर्थ त्यानें डॉक्टरी परिभाषा म्हणून नाखुषीनें शेवटीं दिला. साठ वर्षांच्या आंत तोच खरा ठरला, आणि १८१३ मधील जेन ऑस्टिनच्या कादंबरींतील बेनेटबाई आपल्या मज्जातंतूंचें गाऱ्हाणें सांगून घरच्यांस भंडावूं लागल्या. इमोशन या शब्दाला आजचा शास्त्रीय दर्जा एडिंबरोच्या टॉमस ब्राउन या प्राध्यापकाच्या १८२० साली छापलेल्या व्याख्यानांनीं आला. पूर्वीं ज्यांना पॅशन व अफेक्शन, म्हणजे आत्म्याचे रजोगुणी व सात्त्विक विकार, म्हणत, ते सर्व या एका निर्विकार शब्दाखालीं गोळा झाले, आणि त्यांतला बरेवाईटपणा गेला.

पुढें महायुद्ध आलें. फेब्रुवारी १९१५ मध्यें चार्ल्स मायर्स या मानसशास्त्रज्ञ डॉक्टरानें ‘लॅन्सेट’मध्यें तीन शिपायांची हकीकत छापून तिला शेल-शॉक हें नांव दिलें. तोफेचा गोळा जवळ फुटल्यानें डोळे, घ्राण, स्मृति यांवर परिणाम होतो, अशी कल्पना. शब्द विजेसारखा पसरला, कारण शिपायाला जें हवें होतें तें सर्व त्यांत होतें: गोळा शत्रूचा, आणि धक्का शरीराचा. भित्रेपणाचें नांव त्यांत नव्हतें. अधिकाऱ्यांस हें लवकरच जड झालें. त्यांनीं त्या शब्दाला दोन अक्षरें जोडलीं. गोळा प्रत्यक्ष फुटला असेल तर जखमीचें अक्षर, व त्याबरोबर बाहीवर जखमेची पट्टी लावण्याचा मान. नसेल तर नुसत्या आजाऱ्याचें अक्षर, आणि मान नाहीं. १९१७ मध्यें तर निदान होईपर्यंत हा शब्द वापरूंच नये असा हुकूम निघाला व ‘मज्जासंबंधी, निदान व्हावयाचें आहे’ अशा अर्थाचीं चार अक्षरें कागदावर येऊं लागलीं. शिपायाची वाचा बसली, पाय लुळे पडले, तर हिस्टीरिया. अधिकाऱ्याची झोंप उडाली, हात थरथरले, तर न्यूरस्थीनिया. लक्षणांतही कांहीं अंतर होतें खरें, परंतु आजींच्या वेळचा सरदार-मजुरांतला भेदही त्यांत पुरता शिल्लक होता.

जुलै १९१७ मध्यें सीगफ्रीड ससून या शूर म्हणून गाजलेल्या कवि-अधिकाऱ्यानें युद्ध लांबविण्याविरुद्ध जाहीर निवेदन काढलें. त्याच्यावर लष्करी खटला होण्याऐवजीं वैद्यकीय मंडळ बसलें, आणि त्याला एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकार्ट येथील अधिकाऱ्यांच्या रुग्णालयांत धाडलें. न्यूरस्थीनियानें त्याचा जीव वांचविला असेल. त्याच शब्दानें त्याच्या निवेदनाला आजाऱ्याची बडबड ठरविलें. त्याच युद्धांत पलायन, भित्रेपणा इत्यादि गुन्ह्यांसाठीं ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांतील ३०६ शिपाई गोळ्या घालून मारले गेले. त्यांतील कित्येकांची स्थिति क्रेगलॉकार्टमधील रोग्यांहून वेगळी नसावी, असें आम्हांस वाटतें. १९२२ साली युद्धखात्याच्या समितीनें शेल-शॉक हा शब्द टाकून द्यावा, अशी शिफारस केली. मायर्सलाही पुढें तो निवडल्याचें वाईट वाटलें. दुसऱ्या महायुद्धांत विमानदळानें नवें नांव काढलें: नैतिक कणखरपणाचा अभाव. सोळाशें वर्षांचा प्रवास करून शब्द पुन्हां इव्हाग्रिअसच्या दाराशीं आला; फक्त त्याच्या मठांत पश्चात्तापानें सुटका होती. त्या ३०६ जणांस क्षमा झाली ती २००६ साली.

मराठीकडे वळूं. आगरकरांच्या ‘विकारविलसित’ांतला विकार म्हणजे पॅशन; काम, क्रोध, शोक, सूड यांचा खेळ. त्या पिढीच्या गद्यांत मनोविकार हा शब्द ज्या अर्थानें येतो त्याला आज आपण भावना म्हणतों, आणि मनोविकार म्हटलें कीं रुग्णालय डोळ्यांपुढें येतें. सिसेरोनें लॅटिनमध्यें ग्रीक शब्द आणतांना त्याला रोग म्हणावें कीं क्षोभ म्हणावें, असा विचार करून क्षोभ हा पर्याय घेतला होता. आपण शंभर वर्षांत कोणताही विचार न करतां पहिला घेतला. उदासीन हा शब्द गीतेंत स्तुतीचा आहे. आज तो दुःखाचा आहे. आणि टेन्शन घेणें हा प्रयोग तर आपण इंग्रजांस शिकवावा असा आहे, कारण त्यांच्या भाषेंत टेन्शन कोणी घेत नाहीं.

१८६० च्या दंडविधानाच्या ३०९ व्या कलमानें आत्महत्येचा प्रयत्न आपल्या देशांत गुन्हा ठरला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें आपल्या ११५ व्या कलमांत असें गृहीत धरावयास सांगितलें, कीं उलट सिद्ध होईपर्यंत असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता, सबब त्याच्यावर खटला चालवूं नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्यायसंहितेंत तें जुनें कलम उरलेलें नाहीं. इंग्रजी मसुद्यांत ताणाच्या जागीं स्ट्रेस हा शब्द आहे. भाडें थकल्यावर घरांतील भांडीं अडकविणाऱ्या त्या जप्तीच्या शब्दाचा वंशज.